गमबुटातले पाय

दवाखान्यातल्या नर्सबाईंनी सांगितलं होतं ते इतकंच: “काका, तुमच्या रक्तात साखर वाढली आहे. आजपासून अनवाणी फिरायचं नाही, घरातसुद्धा नाही. रोज पाय बघायचे. कुठे खरचटलं, फोड आला, तर त्याच दिवशी इथे यायचं.”

कौलवाल्याने मान डोलावली आणि दवाखान्याची शेवटची पायरी उतरेपर्यंत सगळं विसरून मोकळा झाला. पण बरोबर त्याची बायको होती. तिला सगळी गल्ली मोठीआई म्हणायची, आणि मोठीआईच्या कानात शिरलेली गोष्ट बाहेर काढायची कुणाची टाप नव्हती. त्यातून ही गोष्ट साधी नव्हती. कौलवाल्याच्या धाकट्या भावालाही हीच साखर. मागच्या हिवाळ्यात त्याचा उजवा पाय घोट्याच्या वरून कापावा लागला, आणि सुरुवात कशाने झाली, तर टाचेवरच्या एका फोडाने. तेव्हापासून मोठीआईला फोड हा शब्दसुद्धा ऐकवत नसे.

ती तशीच बाजारात गेली आणि गमबूट घेऊन आली. हिरवेगार, गुडघ्यापर्यंत येणारे, आणि मापापेक्षा चांगले मोठे. दुकानदार म्हणाला, “आजी, पाय आत फिरेल.” मोठीआई म्हणाली, “फिरू दे. आत जाड मोजे घालायचेत.” त्या घरात सदऱ्यापासून घमेल्यापर्यंत सगळं एक माप मोठंच घेतलं जायचं. पुरतं, टिकतं, आणि कुणाच्या ना कुणाच्या अंगाला येतं.

“अगं, गमबूट घालून माती तुडवतात का कुठे?” कौलवाला कळवळून म्हणाला. “उद्या रेनकोट घालून आंघोळ कर म्हणशील.”

“म्हणेनही. तुम्ही आधी पाय घाला यात.”

“लोक हसतील.”

“हसू देत. त्यांचे दात, त्यांचं तोंड.”

आणि लोक हसलेच. घराच्या मागे अंगण, अंगणात मातीचा खड्डा, खड्ड्यापलीकडे भट्टी आणि भट्टीमागून जाणारी पायवाट. पायवाटेने जाणारा प्रत्येक जण थांबून बघायचा. जन्मभर उघड्या पायांनी माती तुडवणारा कौलवाला हिरव्या बुटात उभा, आणि पाऊल उचललं की पाय वर यायचा, बूट खालीच! मग दोन्ही हातांनी बूट उपटायचा, पाय पुन्हा आत कोंबायचा, पुढचं पाऊल टाकायचं. कुणी विचारायचं, “काय कौलवाले, मासे धरताय का?” कौलवाला आपला बूट उपटत राहायचा. मोठीआई मात्र दारात उभी राहून समाधानाने बघायची. एवढं रबर फोडून कोण येतं आत, असा तिचा भरवसा होता.

खड्ड्यातलं हे काम वाटतं तेवढं अडाणी नव्हतं. सून माती चाळून आणायची, मुलगा तिच्यात पाणी आणि बारीक वाळू टाकायचा, आणि मग कौलवाला तिला तुडव तुडव तुडवायचा. तुडवता तुडवता त्याचा तळवा माती चाचपत असे. चाळणीतून निसटलेला एखादा खडा पायाखाली आला की तो वाकायचा, न बघता दोन बोटांनी तो उचलायचा आणि काठावर फेकायचा. त्यातही चुनखडीचा खडा म्हणजे वैरी. भट्टीत तो गुपचूप भाजून निघतो, आणि कौल बाहेर आल्यावर हवेतली ओल पिऊन फुगतो आणि कौल फोडतो. कौलवाल्याच्या पायाखालून असा खडा निसटला, असं कुणी कधी ऐकलं नव्हतं.

पावसाळा तोंडावर आला होता. शाळेच्या दोन खोल्यांचं जुनं छप्पर उतरवून ठेवलेलं, पोरं झाडाखाली बसून शिकत होती, आणि नव्या छपराची कौलं इथून जायची होती. पहिली भट्टी उघडली तेव्हा कौलं झकास निघाली. लालबुंद, एकसारखी. मुलाने ती अंगणात रचून ठेवली. दोन-चार दिवस गेले आणि एका दुपारी रचलेल्या कौलांतून आवाज आला. टक्. थोड्या वेळाने पुन्हा, टक्.

सून धुणं टाकून धावली. वरच्या कौलाचा नखाएवढा टवका उडाला होता आणि आत पांढरा ठिपका दिसत होता. संध्याकाळपर्यंत अशी डझनभर कौलं गेली.

दुसऱ्या दिवशी छपराचा मुकादम आला. सगळीकडून हात फिरवून त्याने एक कौल उचललं, बोटाने वाजवलं, आणि ते त्याच्या हातातच दुभंगलं. मुकादम चांगला माणूस होता, ओरडला नाही. तुकडे त्याने हळूच खाली ठेवले, हात झटकले आणि म्हणाला, “काका, तुमच्या कौलांखाली मी स्वतः लहानाचा मोठा झालो. पण ही नाही चालायची. पोरांच्या डोक्यावर टाकायचीत. पुढची भट्टी बघू. तीही अशी निघाली तर मला पत्रे घालावे लागतील.”

पत्रे हा शब्द कौलवाल्याला थोबाडीत मारल्यासारखा लागला. मुकादमाची पाठ वळताच तो सुनेवर उखडला.

“डोळे कुठे असतात गं चाळताना? ही माती चाळलीस का नुसती हलवलीस?”

सून खाली मान घालून चाळणी धुवायला लागली. तिचे कान लाल झाले होते. मोठीआईला तिची कीव आली, पण नवऱ्याला सगळ्यांसमोर टोकायची तिची पद्धत नव्हती. चुलीपाशी दोघीच असताना सून हळूच म्हणाली, “आई, चाळणी तीच, हात तेच. पण गमबुटातून खडा कसा लागेल पायाला?”

हे मोठीआईला कळत नव्हतं असं नाही. कालपासून तेच तिच्या डोक्यात फिरत होतं. पण ती म्हणाली, “लागो न लागो. बूट निघणार नाहीत. पत्रे तर पत्रे. कौलं गेली तर पुन्हा करता येतील, पाय गेला तर कुठल्या भट्टीत भाजायचा?”

सून भाकरी थापायला लागली.

पण त्या दिवसापासून मोठीआईचं नवऱ्यावर बारीक लक्ष राहिलं, आणि तिला एकेक गोष्ट खटकायला लागली. कौलवाला पूर्वी काम संपलं की अंगणातल्या दगडावर बसून पाय धुवायचा. आता तो भट्टीमागे जायचा. घरात मोजे काढायचा नाही. “पाय बघू द्या,” म्हटलं की म्हणायचा, “बघितले मीच. एकदम झ्याक आहेत.” जेवताना मांडी घालायचा नाही, पाय लांब सोडून बसायचा. आणि बोलणं तर पारच कमी झालं होतं. हा माणूस एरवी डास चावला तरी सगळ्या घराला सांगणारा.

एका दुपारी जेवण झाल्यावर तो खाटेवर आडवा झाला आणि बसल्या जागी डोळा लागावा तसा झोपला. मोठीआई पायथ्याशी बसली. आवाज न करता तिने डाव्या पायाचा मोजा गुंडाळायला घेतला. घोट्यापर्यंत आला, आणि टाचेवर अडकला. ओलसर लागत होता. पाणी लावून लावून तिने तो कसाबसा सोडवला.

टाचेवर अर्ध्या लिंबाएवढा फोड होता, पाण्याने टचटचलेला. करंगळीजवळ दोन लहान. तिने उजवा मोजाही तसाच उतरवला. ती टाच तर सोलूनच निघाली होती. कातडीचा पापुद्रा एका बाजूला गोळा झालेला, आत लालभडक, आणि त्यात मोज्याचे धागे चिकटलेले. बोटांच्या बेचक्यांतून बारीक वाळू.

तेवढ्यात कौलवाल्याने डोळे उघडले आणि झटकन पाय आखडले.

“अहो, हे काय हे?”

“काय? काही नाही. बुटाने जरा घासलंय.”

“जरा? टाच उघडी पडलीय तुमची! दुखत नाही का?”

कौलवाल्याने तिच्याकडे बघितलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. तिला धीर द्यावा म्हणून तो हसला आणि पाय खाटेच्या लाकडावर दाणकन आपटून म्हणाला, “हे बघ. दुखायचं काय त्यात? अजिबात दुखत नाही. कळतसुद्धा नाही.”

मोजे चढवून तो खड्ड्याकडे निघून गेला. मोठीआईला त्याच्या बोलण्याने धीर यायला हवा होता, पण काहीतरी भलतंच आत हललं. एवढी टाच सोललेली आणि कळतसुद्धा नाही? ती उठली आणि शेजारच्या गल्लीत धाकट्या दिराच्या घरी गेली.

दीर ओट्यावर बसून खाट विणत होता. कुबडी भिंतीला टेकवलेली. पाय गेल्यापासून त्याने हातांना सुट्टी अशी दिलीच नव्हती.

“या वहिनी. चहा टाकायला सांगू?”

“चहा नको. भाऊजी, एक विचारू? राग नाही ना येणार?”

“राग आला तर आपटायला दोन पाय लागतात, वहिनी. विचारा.”

“तो तुमचा फोड... तो दुखत होता का हो?”

दिराने सुतळीचा वेढा तसाच हातात धरून ठेवला. “तेच तर झालं नाही, वहिनी. दुखला असता तर आज चालत आलो असतो तुमच्याकडे. चपलेतला खिळा वर आला होता, त्याच्यावर मी सगळा बाजार फिरलो. घरी आल्यावर हिने विचारलं, ओट्यावर रक्त कुणाचं? तेव्हा मला कळलं. मग फोड धरला, चिघळला, काळा पडला, तरी मी आपला खुशाल. दुखतच नाही म्हटल्यावर दवाखान्यात कोण जातं? डॉक्टर म्हणाले, साखरेने पायाच्या नसा मेल्यात. दुखणं म्हणजे पायाची राखण, ती राखणच गेली.”

“हे कधी बोलला नाहीत यांच्याजवळ?”

“दादा येतो कुठे? पाय कापल्यापासून दारावरून जाताना मान खाली घालून जातो. त्याला माझा पाय बघवत नाही. मलाही मग नको वाटतं हाक मारायला.”

मोठीआई घरी आली. ती चुलीपाशी नुसतीच बसून राहिली. गमबूट तिनेच आणले होते. माप मोठं तिनेच घेतलं होतं. आत पाय घासला जाणार हे दुकानदाराला कळलं, तिला कळलं नाही. आणि आता त्या पायाला कळत नव्हतं. तिला मोठ्याने रडावंसं वाटलं, पण सून समोर भांडी घासत होती, म्हणून तिने पदराने नुसतं तोंड पुसलं.

सकाळी तिने मुलाला गाडी जोडायला सांगितली. कौलवाला खड्ड्यात उतरायच्या बेतात होता.

“आज भट्टीची माती आहे. आज मी मरायलाही मोकळा नाही.”

“मरायला नेतच नाहीये. दवाखान्यात चला.”

“कशाला पण? दुखत नाही म्हटलं ना?”

“पुन्हा ते बोलू नका,” मोठीआई अशी काही ओरडली की झाडावरचे कावळे उडाले. मुलगा, सून दोघं बघतच राहिले. कौलवाला निमूट गाडीत चढला.

रस्ता खाचखळग्यांचा. गाडी उसळली की कौलवाल्याचे पाय फळीवर आपटायचे. मोठीआई त्याच्या तोंडाकडे टक लावून बघत होती. कपाळाला आठी नाही, तोंडातून चकार शब्द नाही. गाडी आदळली की ती मनात म्हणायची, आता तरी हाय म्हणा. तो समोरच्या बैलाच्या शेपटीकडे बघत बसला होता.

दवाखान्यात बाकावर रांग होती. पाय दाखवायचे म्हणून गमबूट आणि मोजे काढून बसावं लागलं. शेजारची बाई आपलं लेकरू उचलून पलीकडे सरकली. समोरचा एक जण फोडांकडे बघून “अरेरे” म्हणाला आणि त्याच्याकडे राखेचा, तेलाचा, पानाच्या रसाचा असे चार उपाय निघाले. कौलवाल्याने पाय बाकाखाली घेतले. आयुष्यात कुणापुढे हात न पसरलेला माणूस, पाय पसरून बसायची वेळ आली म्हणून शरमेने अर्धा झाला होता.

नंबर आला. नर्सबाईंनी हातमोजे चढवले, पाय स्टुलावर घेतले आणि डाव्या टाचेच्या फोडाभोवती हलकेच दाबलं.

“दुखतं इथे?”

“नाही.”

“इथे?”

“नाही.”

“आणि इथे?” त्यांनी सोललेल्या टाचेच्या कडेला बोट टेकवलं.

“छे!”

मोठीआई भिंतीला टेकून उभी होती. प्रत्येक “नाही”बरोबर ती थोडी थोडी खाली येत होती. नर्सबाईंनी वर बघितलं नाही. त्या म्हणाल्या, “आता डोळे मिटा, काका. मी एकेका बोटाला नुसतं बोट लावते. कळलं की हो म्हणा.”

कौलवाल्याने डोळे घट्ट मिटले, दात त्याहून घट्ट आवळले. नर्सबाईंचं बोट अंगठ्यावर टेकलं. कौलवाला गप्प. मधल्या बोटावर टेकलं. गप्प. करंगळीवर टेकलं. मोठीआईला खोलीतली खिडकी फिरल्यासारखी वाटली. तिच्या डोळ्यांपुढे दिराच्या ओट्यावरची कुबडी आली.

नर्सबाई मात्र कौलवाल्याच्या तोंडाकडे बघतच नव्हत्या. त्या पायाकडे बघत होत्या, आणि बोट टेकलं की अंगठा ससा दचकावा तसा दचकत होता. त्यांनी काही न बोलता जखम धुवायचं पाणी घेतलं, उजव्या टाचेवर धार धरली, आणि चिमट्याने एक चिकटलेला धागा उचलला.

“आई गंऽऽ! मेलो! मेलो मेलो!”

बाहेरची सगळी रांग उठून दारात आली.

“काय झालं, काका?”

“काय झालं काय विचारता? आग झाली आग! मस्तकात गेली कळ!”

“म्हणजे दुखतं?”

कौलवाल्याने तोंड मिटलं. मग त्याचे खांदे पडले. “दुखतं,” तो म्हणाला. “पहिल्या दिवसापासून दुखतंय. बूट चढवताना तर डोळ्यांत पाणी यायचं. झोप नाही मला. माझ्या भावालाही असाच फोड आला होता. एकदा दुखतंय म्हटलं की तुम्ही कापणार, हे मला माहीत होतं. आता काय कापायचं ते कापा. तेवढी ही भट्टी होऊ द्या.”

खोलीत कुणी काही बोलायच्या आत मोठीआई फतकल मारून जमिनीवर बसली. आधी तिला हसू आलं, मग रडू आलं, आणि मग दोन्ही एकदमच. नाक पुसत ती म्हणाली, “परत ओरडा हो. एकदा परत ओरडा.”

“हिला काय झालं?” कौलवाला घाबरून म्हणाला.

“त्यांना बरं वाटतंय,” नर्सबाई म्हणाल्या. “अहो काका, तुमचे भाऊ इथेच आले होते. त्यांचा फोड दुखत नव्हता, म्हणून तर कळला नाही, म्हणून तर वाढला. तुमच्या पायाच्या नसा शाबूत आहेत. दुखतंय ही आनंदाची बातमी आहे. तोंड गोड करा म्हटलं असतं, पण तुम्हाला ती सोय नाही.”

कौलवाला त्यांच्याकडे बघत राहिला. “म्हणजे कापायचं नाही?”

“कापून काय करू? मला हवाय का तुमचा पाय?”

मग त्यांनी पुन्हा बोटं लावून बघितली. या वेळी कौलवाला शाळेतल्या पोरासारखा धडाधड उत्तरं देत सुटला. “अंगठा. करंगळी. मधलं. हा तर तळवा, गुदगुल्या नका करू.” नर्सबाईंनी गमबूट मागवला, उलटा केला, तेव्हा जमिनीवर गढूळ पाण्याचं थारोळं झालं आणि त्यात ओंजळभर वाळू.

“काकू, हे कुणी आणलं?”

“मीच पापिणीने.”

“पापबिप काही नाही. पण मोठा बूट, ओला मोजा आणि आत वाळू, असं दिवसभर घासलं तर माझ्या पायालाही फोड येतील. अनवाणी नको म्हणजे पाय कोरडा हवा, मापाची चप्पल हवी, आत काही घासायला नको. हे सांगायचं माझंही राहिलं.”

लहान फोड त्यांनी तसेच ठेवले. मोठा फोड टचटचला होता, तो स्वच्छ सुईने कडेला टोचून त्यातलं पाणी काढलं, वरची कातडी मात्र तशीच बसू दिली. “ही कातडी म्हणजे पायाने स्वतःच घातलेली पट्टी. ही कुणी ओढायची नाही. घरी टोचाटोची नाही, राख नाही, तेल नाही. साखर आहे, म्हणून हे सगळं इथेच व्हायचं.” सोललेली टाच धुवून, मलम लावून, न चिकटणारी पट्टी बांधली. “एक दिवसाआड पट्टी बदलायला या. लाल झालं, सुजलं, पू आला, ताप आला, तर वाट बघू नका. रात्री-बेरात्री या. आणि काकू, रोज संध्याकाळी त्यांना डोळे मिटायला लावून अशीच बोटं लावून बघायची. एखादं बोट कळलं नाही, तर मला सांगायचं.”

“आणि माती?” कौलवाल्याने विचारलं.

“खड्ड्यात उतरायचं नाही.”

“बरं होईपर्यंत?”

नर्सबाईंनी पट्टीची गाठ मारली. “नंतरही नाही, काका. बुटाने फोड येतात आणि अनवाणी उतरलात तर खडे-काचा लागतात. आज पाय बोलतोय. तो गप्प बसू नये असं वाटत असेल तर त्याला सांभाळा.”

कौलवाल्याने पट्टी बांधलेल्या पायांकडे बघत मान डोलावली. परत येताना गाडी उसळली की मात्र तो विव्हळायचा. “अरे, बैल हाकतोस का दगड फोडतोस? जरा हळू! मेली ही टाच!” रस्ताभर त्याची रड चालू होती, आणि मोठीआई फळीवर बसून ती कानभरून ऐकत होती. मुलाने वळून बघितलं तर आई गालातल्या गालात हसत होती.

शेजारच्या गल्लीच्या तोंडाशी कौलवाल्याने गाडी थांबवली. मुलाच्या खांद्यावर हात टाकून तो भावाच्या ओट्यापर्यंत गेला आणि खाली बसला. बराच वेळ दोघं भाऊ एकमेकांच्या पायांकडे बघत राहिले.

“दुखतंय का रे दादा?”

“खूप.”

“छान,” भाऊ म्हणाला, आणि दोघंही हसायला लागले. हसता हसता कौलवाल्याने भावाच्या गुडघ्यावर हात ठेवला तो निघेपर्यंत काढला नाही.

भट्टीची माती खड्ड्यात भिजून पडली होती. पाऊस काही कुणाचे पाय बरे व्हायची वाट बघणार नव्हता. दुसऱ्या सकाळी मोठीआईने लुगड्याचा काचा मारला आणि सुनेला म्हणाली, “चल गं.” लग्न होऊन आली तेव्हा मोठीआईही आपल्या सासूबरोबर तुडवायची; त्यानंतर तिचे पाय खड्ड्याला लागले नव्हते. पहिल्या पावलाला गारवा मांडीपर्यंत चढला. दोघी एकमेकींचे खांदे धरून गोल गोल तुडवायला लागल्या. कौलवाला काठावर खाटेवर, पट्टी बांधलेले पाय उशीवर.

“कडेची माती आत घ्या. अगं, नाचायला बोलावलंय का तुम्हाला? टाच दाब, टाच!”

“तुमची टाच सांभाळा,” मोठीआई खालून म्हणाली.

थोड्या वेळाने सून थांबली, वाकली आणि मातीतून वाटाण्याएवढा पांढरा खडा काढून सासऱ्याच्या हातावर ठेवला. कौलवाल्याने तो अंगठ्याने पुसला, उलटासुलटा केला. मग आणखी निघाले, बरेच निघाले. तुडवून झालेल्या मातीचे गोळे मुलगा खाटेपाशी आणायचा आणि कौलवाला तारेने त्यांचे काप काढून दोन्ही तळहातांनी चाचपायचा. दुपारी जेवायला बसताना तो सुनेकडे न बघताच म्हणाला, “माती चांगली चाळतेस तू. खडे मातीतच जास्त आहेत या वर्षी.”

सून सासूच्या कानाशी लागली, पण सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. “आई, बाबांना ताप नाही ना आला? नर्सबाई म्हणाल्या होत्या, लगेच घेऊन या.”

ती भट्टी निघाली आणि आठवडा उलटला तरी अंगणात टक् असा आवाज आला नाही. मुकादमाने कौलं वाजवून वाजवून बघितली, आणि शाळेवर पत्रे चढले नाहीत.

पट्टी सुटली तेव्हा कौलवाल्याच्या टाचेवर नवी गुलाबी कातडी आली होती. पायांत मापाची, मऊ तळाची चप्पल आली. माती तुडवायला आता कायमच्या सासू-सून, आणि काप काढायला तो. कधीकधी तो खड्ड्याकडे एकटक बघत बसायचा. मोठीआईला ते दिसायचं, आणि तिला वाईट वाटायचं. पण संध्याकाळी दिवे लागायच्या आधी ती न चुकता त्याच्या पायथ्याशी बसायची आणि म्हणायची, “मिटा डोळे.”

“अंगठा,” कौलवाला म्हणायचा. “दुसरं. करंगळी. झालं का समाधान?”

एके दिवशी त्याला चेष्टा सुचली. तिने मधल्या बोटाला बोट लावलं आणि तो गप्प राहिला. तिने पुन्हा लावलं. तो गप्पच. “लावलं का तू?” त्याने विचारलं. “मला तर काही कळलं नाही.”

उत्तर आलं नाही. कौलवाल्याने एक डोळा किलकिला केला. मोठीआई त्याचं पाऊल दोन्ही हातांत धरून बसली होती, हालतही नव्हती. ती पावलाकडे अशी बघत होती की जणू ते आत्ताच कुणी उचलून नेणार आहे.

इतक्या वर्षांच्या संसारात कौलवाल्याने तिला इतकं घाबरलेलं कधी बघितलं नव्हतं. तो धडपडत उठून बसला.

“मधलं,” तो म्हणाला. “मधलं बोट. कळलं मला. दोन्ही वेळा कळलं. तू आधी नखाजवळ लावलंस, मग खाली. अगं, गंमत केली मी.”

मोठीआईने त्याच्या तळव्यावर फाडकन चापट मारली.

“लागलं!” तो ओरडला.

“कुठे?” ती रडत रडत म्हणाली. “नीट सांगा, कुठे?”

आणि कौलवाल्याने पुन्हा डोळे मिटले, आणि तिचा हात जिथे जिथे पोचला होता ती एकूण एक जागा तिला सांगितली.